भूपालअण्णांचे उभे डबे

भूपालअण्णा कुठल्याही वस्तूशी ओळख करून घेताना आधी तिच्यावर तळहात ठेवत. सायकल असो, पिठाची गिरणी असो, नाहीतर एस.टी.ची मोटार. डोळे मिटून, मान जरा खाली घालून ते क्षणभर उभे राहत आणि मग निकाल देत. सांगलीच्या स्टँडवर एकदा त्यांनी चालू गाडीच्या बॉनेटच्या कडेला असाच हात ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "डाव्या अंगाचं कायतरी सैल हाय बघा." ड्रायव्हरने त्यांच्याकडे जसं बघायचं तसं बघितलं. गाडी तासगावच्या अलीकडे बंद पडली. आम्ही दोघेही तिच्यातच होतो, कारण निकाल दिल्यावर अण्णा निवांत तिकीट काढून बसले होते. "सांगायचं काम आपलं," ते मला म्हणाले, "ऐकायचं त्याचं." मग आम्ही रस्त्याकडेच्या बाभळीखाली दुसऱ्या गाडीची वाट पाहत दीड तास काढला आणि त्यांनी 'मी म्हटलं नव्हतं?' हे एकदाही म्हटलं नाही.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी मूळचा साताऱ्याचा. सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो आणि खोली स्वस्त म्हणून माधवनगरला राहिलो. अण्णा आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहत. कापडगिरणीच्या विणकाम खात्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून पुन्हा चालता करणं हे त्यांचं काम. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि खिशाला कायम एक आखूड पेन्सिल. मी प्रयोगशाळेत काम करतो हे कळल्या दिवसापासून त्यांनी मला 'मास्तर' करून टाकलं. मी प्राध्यापकसुद्धा नाही, नुसता प्रयोग मांडून देतो, असं सांगून पाहिलं. ते म्हणाले, "आमी तरी कुठं कापड विणतो? माग मांडून देतो. आपली जात एकच की मास्तर."

विणकाम खात्यात एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. आत पाय टाकल्याबरोबर मला माझाच आवाज ऐकू येईना. मागांवर सूत इकडून तिकडे नेणारे शेकडो धोटे एकदम आपटत होते. पण तिथली माणसं मजेत गप्पा मारत होती. ओठ हलायचे, हात हलायचे आणि या टोकाचा विनोद त्या टोकाला पोचून तिथला माणूस पोट धरून हसायचा. प्रत्येक गोष्टीची खूण ठरलेली होती. सूत तुटलं याची वेगळी, मुकादम येतोय याची वेगळी, आणि मुकादम रागात येतोय याची आणखी वेगळी. मला एकच खूण नीट जमली. तळहात आडवा धरायचा आणि सावकाश पुढे-मागे हलवायचा. याचा अर्थ, माग चालू आहे, काळजी नाही, तू तुझ्या कामाला जा.

ही खूण अण्णा बाहेरही वापरत. रस्त्याच्या पलीकडून मी "बरं आहे ना?" असं तोंडाने नुसतं म्हटलं की ते ओठ वाचून तळहात हलवत. आमची सगळी गल्लीच गिरणीवाल्यांची, त्यामुळे सगळेच ओरडून बोलत. कुणी हळू बोललं तर त्याला बरं नाही असं समजून लोक चौकशीला येत. अशा गल्लीत कुणाला कमी ऐकू येतंय हे कळणार कसं? कळलं नाही. आम्हाला नाही आणि अण्णांनाही नाही.

एक प्रसंग मात्र आमच्या डोळ्यांसमोर घडला होता आणि आम्ही त्यावर नुसते हसलो होतो. माझं लग्न साताऱ्याला झालं. अण्णा आणि सुशीलावहिनी आवर्जून आले होते. मांडवात वाजंत्री बसली होती. अण्णा मांडवाच्या खांबाला हात लावून जरा वेळ उभे राहिले आणि मग सरळ सनईवाल्यापुढे जाऊन म्हणाले, "गड्या, संबळ झकास वाजतोय. तू का नुसतं गाल फुगवालाईस? पैसं घेतल्यात न्हवं?" बिचारा सनईवाला इतका गोरामोरा झाला की पुढची दहा मिनिटं त्याने जीव तोडून वाजवलं. वऱ्हाडी हसून लोळले. माधवनगरचा पाहुणा लय मिश्कील, असं माझे सासरे कितीतरी वर्षं सांगत होते. अण्णा मिश्कील होतेच. पण त्या दिवशी ते थट्टा करत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

वहिनींचं सांगायचं राहिलं. ठेंगणी, हसरी बाई. बोलायची कमी. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची हा त्यांच्या जैन घरातला नेम, त्यामुळे संध्याकाळी साडेपाचला त्यांची भाकरी तव्यावर असे. आमच्या घरात दिवेलागणीनंतर भाजी चिरायला घेतली की त्यांना आमची कीव येई. त्या माहेरी बस्तीत, म्हणजे देवळात, स्तवनं म्हणत आणि त्यांचा गळा गोड आहे, असं आमची ही एकदा मला म्हणाली होती. मी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

मग एके रविवारी अण्णा माझ्याकडे येऊन बसले. हातात टोपी होती. टोपी काढून ते फक्त देवळात आणि दवाखान्यात बसत, म्हणून मी घाबरलो.

"मास्तर," ते म्हणाले, "घरात गाणं आणायचंय. चांगलं मशीन कुठलं?"

मी म्हटलं, तुमचा रेडिओ आहे की.

"रेडिओ नासलाय. नुसता घुमतोय, शब्द कळत न्हाई. दोनदा बदलला." मग ते जरा थांबले. "आवं, खरं सांगू काय? आमच्या घरात गाणं व्हतं. हिचं. सकाळी चुलीम्होरं बसली की म्हणायची. एकदा मी रात्रपाळी करून आलो, डोळं मिटालते, आणि तोंडातनं गेलं, किती गातीस, गप बस की. तवापासनं बंद. एक अक्षर म्हणाली न्हाई बघा ती. चार वरसं झाली. आता म्हातारपणी कुठल्या तोंडानं म्हणू, गा म्हणून? म्हणलं, आपण मशीन आणावं. त्यात स्तवनं लावावीत. ऐकून ऐकून परत म्हणायला लागली तर लागली."

मला त्यांचा इतका कळवळा आला की मी लगेच इलाहीभाईंचं नाव सुचवलं. सांगलीत इलाहीभाईंचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या प्रयोगशाळेतली यंत्रं तेच दुरुस्त करत. त्यांचे मेहुणे मिरजेला तंबोरे करायचे, म्हणून यांच्याकडे तुनाचं उत्तम लाकूड यायचं आणि त्या लाकडाचे स्पीकरचे डबे ते स्वतः बनवायचे. अण्णांनी दोन दिवाळ्यांचा बोनस त्यांच्या हातावर ठेवला आणि दोन महिन्यांनी एका हातगाडीवरून गल्लीत तबकड्या वाजवायचं मशीन आणि दोन उंच डबे आले. चार चार फूट उभे, दोघांना पोटाशी मोठा स्पीकर आणि कपाळाशी छोटा. वर जाळीदार कापड ताणलेलं.

वहिनींनी दोघांना हळदकुंकू लावलं. मग एकाच्या मागे जाऊन वाकून पाहिलं आणि विचारलं, "याचं झाकण कुठनं उघडतंय? तांदूळ बसतील की यात मणभर."

पहिल्या दिवशी अर्धी गल्ली ऐकायला आली. इलाहीभाईंनी तबकडी लावली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तंबोऱ्याची तार समोर बसून छेडल्यासारखी ऐकली. घसा खाकरलेलासुद्धा कळत होता.  अण्णा एका डब्यावर तळहात ठेवून डोळे मिटून उभे होते. रेकॉर्ड संपल्यावर सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"खालचा आवाज लय भारी," अण्णा म्हणाले. "वरचा न्हाई."

इलाहीभाई हसून म्हणाले, "अण्णा, नवीन आहे. कान बसू द्या."

त्या दिवसापासून माझ्या मागे शंका लागल्या. अण्णा गिरणीतल्या कापडावर लावायच्या चिठ्ठ्यांच्या मागे पेन्सिलीने लिहून आणत आणि एकेक वाचत. डबे भिंतीपासून किती हात लांब असावेत? खाली वीट द्यावी का पाट? डावा डबा आपला डावा का त्याचा डावा? नवा माग पंधरा दिवस तेलपाणी देऊन रुळवावा लागतो, तसा हा रुळवायचा असतो का, आणि असेल तर तेल कुठलं? मी पुस्तकं चाळून उत्तरं देत होतो. तेलाच्या प्रश्नाला मात्र मी कळवळून 'नको' म्हटलं, कारण विचारायच्या आधी ते लावून बघण्याचीही त्यांची पद्धत होती.

डबे कोपऱ्यातून मधे आले, मधून दाराशी आले, विटांवर चढले, उतरले. प्रत्येक वेळी अण्णा समोर बसून ऐकायचे आणि मान हलवायचे. वरचा सूर येत नव्हता. वहिनींची तर त्या डब्यांवर नजरसुद्धा जात नव्हती. त्या चुलीपुढे पाठ करून बसलेल्या असत.

आणि मग अण्णांना रोग सापडला. विणकाम खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसालाच सापडावा असा तो होता. रात्रपाळी नसलेल्या एका संध्याकाळी ते धावतच आले. "मास्तर, कापड! त्यो जाळीचा कपडा लय घट्ट विणलाय. बारीक सूर कापडात अडकतोय!"

मी सांगून पाहिलं, कापडाने इतका फरक पडत नाही. पण कापडाबद्दल मी त्यांना काय सांगणार? त्यांनी जाळी सोलून काढली आणि गिरणीतून विरळ विणीचा तुकडा आणून लावला. फरक नाही. मग त्याहून पातळ. मग मलमल. शेवटी दोन्ही डबे उघडे बोडके उभे राहिले, तरी वरचा सूर काही येईना. तेव्हा अण्णांचा धीर सुटला. इलाहीभाईंनी कपाळाचे छोटे स्पीकर मेलेले बसवले, आपल्याला फसवलं, असं ते गिरणीत बोलून आले, आणि त्यांचं बोलणं म्हणजे गिरणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. गोष्ट सांगलीत पोचली. इलाहीभाई माझ्याकडे आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "मास्तर, माझी म्हातारी आई गेली त्या आठवड्यात मी ते डबे केले," ते म्हणाले. "खोटं काम कसं करीन?"

मी म्हटलं, तपासून घेऊ. कॉलेजात एक यंत्र होतं. त्यातून खालच्या घोगऱ्या आवाजापासून शिट्टीपेक्षा बारीक आवाजापर्यंत हवा तो सूर काढता यायचा. विभागप्रमुखांची परवानगी काढून रविवारी दुपारी मी ते सायकलला बांधून अण्णांकडे आणलं आणि डब्यांना जोडलं. खोलीत आम्ही तिघेच होतो, वहिनी स्वयंपाकघरात. आजवर मी अनेक प्रयोग मांडून दिले, पण इतक्या आत्मविश्वासाने मांडलेला आणि इतका पस्तावा देऊन गेलेला दुसरा नाही.

"आवाज येतोय तोवर हात वर ठेवा," मी अण्णांना सांगितलं.

त्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. मी चकती फिरवत गेलो. घोगरा आवाज, मग भुंग्यासारखा, मग आणखी चढा. खिडकीची काच थरथरली. अण्णांचा हात वर. आवाज आणखी बारीक झाला, सनईसारखा अगदी कानात टोचायला लागला, आणि अण्णांनी हात खाली घेतला.

"बघा," ते इलाहीभाईंना म्हणाले, "हितं मेला."

खोलीत तो आवाज कर्कश भरून राहिला होता. इलाहीभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. चकतीवरून माझं बोट निघेना. आपल्याला काय कळलंय हे लपवायचं कसं ते मला सुचेना, आणि ओठांवरून, चेहऱ्यांवरून माणसं वाचण्यात ज्याचा जन्म गेला त्याच्यापुढे आम्ही दोघे तोंडं करून उभे होतो. अण्णांनी आधी त्यांचा चेहरा पाहिला, मग माझा. मग ते सावकाश मागे वळले. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी दोन्ही कानांत बोटं घालून उभ्या होत्या आणि "बंद करा की ते!" असं ओरडत होत्या.

मी यंत्र बंद केलं.

 अण्णांनी जवळच्या डब्यावर हात ठेवला. "म्हंजे डबं बरोबर हायती," ते म्हणाले.

मग ते इलाहीभाईंपाशी गेले आणि त्यांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "भाई, मी गिरणीभर बोललोय. उद्या गिरणीभर सांगून येतो. चूक माझी." इलाहीभाई नुसते "असू द्या, असू द्या" म्हणत राहिले. मला वाटलं आता आम्ही दोघांनी निघावं. पण अण्णांच्या मनात वेगळंच काहीतरी चाललं होतं. कागदावर कधीच न लिहिलेली शंका त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटताना मी पाहिली. ते वहिनींकडे वळले.

"सुशीला," ते म्हणाले. मी त्यांना नाव घेताना त्याआधी ऐकलं नव्हतं. "तू अजून गातीस काय गं?"

वहिनींनी पदर नीट केला. आमच्यासमोर त्या संकोचल्या असाव्यात. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून, गिरणीतल्या बायका म्हणतात तसं त्या म्हणाल्या, "रोज."

अण्णांनी ते ओठांवरून वाचलं.

"तुमी गप बस म्हणाला, म्हणून हळू म्हणत होते," आता त्या मोठ्याने बोलल्या, त्यांच्याकडे तोंड करून. "मला वाटलं, ऐकून न ऐकल्यागत करालाईसा. राग धरलाय म्हणलं."

"चार वरसं?" अण्णा म्हणाले.

"मग काय तर."

मी आणि इलाहीभाई ते यंत्र उचलून बाहेर पडलो. इलाहीभाईंनी ते सायकलला बांधलं, पुन्हा सोडलं, पुन्हा बांधलं. मला रडू येत होतं आणि त्यांनाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा खरोखरच मागामागाशी जाऊन सांगून आले, की इलाहीभाईंचे डबे अस्सल आहेत आणि बिघाड आपल्या कानात आहे. त्यांना भीती होती की लोक हसतील. लोक हसले नाहीत. उलट त्या आठवड्यात पाच-सहाजणांनी आपापल्या घरी रेडिओ लावून, घरच्यांना समोर बसवून, हात वर करून पाहिला, आणि त्यातल्या बहुतेकांचे हात लवकर खाली आले. मिरजेच्या डॉक्टरांनी अण्णांना तपासून सांगितलं की गेलेलं परत यायचं नाही. कामावर त्याने काही अडलं नाही. "मागाला कान कशाला पायजे," अण्णा म्हणायचे, "हात हाय की."

डबे विकावेत असं मी सुचवलं. इलाहीभाई परत घ्यायला तयार होते. अण्णा म्हणाले, एक शेवटची शंका आहे. "या डब्यातनं माणसाचा आवाज निघंल काय? घरातल्या?"

इलाहीभाईंनी दुकानातला एक जुना मायक्रोफोन आणून जोडून दिला आणि त्याचं काही घेतलं नाही. वहिनींनी आठ दिवस त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. नवव्या दिवशी, जेवणं झाल्यावर, अजून बाहेर उजेड असताना त्या त्याच्यापुढे बसल्या, असं आमची ही सांगत आली. मी पाहायला गेलो नाही. पाहायला जावं असं ते नव्हतं. गल्लीत मात्र ते स्तवन ऐकू आलं. गळा खरोखर गोड होता.

त्यानंतर ते रोजचंच झालं. वहिनी म्हणायच्या आणि अण्णा डब्याच्या पोटावर तळहात ठेवून बसायचे. खालचे सूर हाताला लागतात, ते मला सांगत, आणि वरचे तिच्या तोंडावर दिसतात. एवढ्यासाठी वहिनींनी एक गोष्ट बदलली होती. चुलीकडे तोंड करून त्या आता गात नसत.

दशक संपता संपता मला साताऱ्याच्या कॉलेजात जागा मिळाली. सामान ट्रकमध्ये भरून झाल्यावर मी निरोप घ्यायला अण्णांकडे गेलो. दार उघडंच होतं. दिवस कलला होता. दोन डब्यांच्या मधे वहिनी बसल्या होत्या, अण्णांकडे तोंड करून, आणि गात होत्या. अगदी हळू, दारापर्यंतसुद्धा जेमतेम पोचेल इतपत. अण्णांचा हात डब्यावर होता आणि बोटं ताल धरत होती. तोंडाजवळ मायक्रोफोन होता, पण डब्यांतून आवाज येत नव्हता. मी वर पाहिलं. दिवा लागलेला नव्हता, पंखाही थांबलेला. दुपारपासून सगळ्या माधवनगरची वीज गेलेली होती.

अण्णांनी मला पाहिलं. मी दिव्याकडे बोट केलं आणि तोंडाने नुसतं म्हटलं, "लाइट नाही."

त्यांनी नजर पुन्हा वहिनींच्या चेहऱ्याकडे वळवून दुसरा हात माझ्या दिशेने आडवा धरला आणि सावकाश पुढे-मागे हलवला.